कारकुनाचे यंत्र आणि यंत्राचे कारकून

बँकेच्या खिडकीशी उभ्या असलेल्या खातेदाराला ‘सिस्टिम बंद आहे’ असे उत्तर मिळाले की तो मुकाट्याने घरी परततो. चाळीस वर्षांपूर्वी याच खिडकीआड कापडी बांधणीची जाडजूड खातेवही असे आणि तिच्यावर मान घालून बसलेला कारकून असे. तो चहाला जाई, रजेवर जाई, क्वचित संपावरही जाई. पण ‘बंद’ पडत नसे. त्या खातेवहीचे आणि त्या कारकुनाचे पुढे काय झाले, हा प्रश्न आता कोणी फारसा विचारीत नाही.

परंतु आज एक नवा वर्ग नेमका तोच प्रश्न स्वतःविषयी विचारू लागला आहे. हा वर्ग म्हणजे संगणकासाठी आज्ञावली लिहिणाऱ्यांचा. नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘चॅटजीपीटी’ लोकांपुढे आले आणि साध्या भाषेत काम सांगितले तर त्याची आज्ञावली यंत्रच लिहून देऊ शकते, हे सर्वांना दिसले. जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या देशातील सर्वांत मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीने सुमारे १२ हजार कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. कंपनीने त्याचे कारण कौशल्यांचा मेळ बसत नाही असे दिले, कृत्रिम बुद्धिमत्ता असे नव्हे. तरीही ज्या घरांतील मुले या व्यवसायात आहेत, त्या घरांत जी धास्ती पसरली ती कृत्रिम बुद्धिमत्तेचीच होती. दुसऱ्यांच्या कामाचे ज्यांनी यंत्र केले, त्यांच्याच कामाचे यंत्र होण्याची ही वेळ आहे. अशा वेळी संगणकाचा इतिहास पुन्हा एकदा, आणि तोही यंत्राच्या बाजूने नव्हे तर कारकुनाच्या बाजूने, वाचून पाहणे अगत्याचे ठरते.

गणक म्हणजे माणूस

इंग्रजीतील ‘कॉम्प्युटर’ हा शब्द सतराव्या शतकापासून प्रचारात आहे. परंतु विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्याचा अर्थ आकडेमोड करणारा माणूस असाच होता. वेधशाळा, आरमार, विमा कंपन्या यांना लागणारी कोष्टके असे पगारी गणक तयार करीत. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर, १७९० नंतरच्या दशकात, गास्पार द प्रोनी या अभियंत्याकडे लॉगॅरिदमची प्रचंड कोष्टके तयार करण्याचे काम आले. शाळेत लॉगची कोष्टके हाताळलेल्या पिढीला या कामाच्या कंटाळवाणेपणाची कल्पना सहज येईल. द प्रोनीने माणसांचे तीन थर पाडले. वरच्या थरात सूत्रे ठरविणारे मोजके गणिती; मधल्या थरात त्या सूत्रांची पायरीवार मांडणी करणारे काही जाणकार; आणि खालच्या थरात केवळ बेरीज-वजाबाकी करणारे अनेक लोक. या खालच्या लोकांना आपण काय करतो आहोत हे समजण्याची गरज नव्हती. ज्यांना बेरीज-वजाबाकीपलीकडे काही येत नव्हते त्यांच्याच हातून चुका कमी होत, अशी नोंद चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञाने आपल्या १८३२ च्या ग्रंथात करून ठेवली आहे.

बॅबेजने यावरून जो निष्कर्ष काढला, त्यात पुढच्या दोन शतकांचे बीज आहे. ज्या कामाला समज लागत नाही, ते काम माणसाने तरी का करावे? त्याच्या पहिल्या गणनयंत्रावर ब्रिटिश सरकारने १७ हजार पौंडांहून अधिक खर्च केला आणि १८४२ मध्ये हात आखडता घेतला. दुसरे यंत्र तर कागदावरच राहिले. पण त्याची कल्पना विलक्षण होती. रेशमी कापडावर नक्षी विणण्यासाठी फ्रान्समधील जकार्डच्या मागावर भोके पाडलेली पुठ्ठ्याची पाने वापरीत. बॅबेजने तशाच पानांनी आकडेमोडीची नक्षी विणावयाचे ठरविले. १८४३ मध्ये एडा लव्हलेस या विदुषीने त्या यंत्रावर लिहिलेल्या टिपणांत एका गणिताची पायरीवार मांडणी दिली. यंत्र नसताना लिहिलेली आज्ञावली म्हणून ती आजही सांगितली जाते. आज्ञा यंत्राहून वेगळी असू शकते, हे तेथे प्रथम स्पष्ट झाले.

बॅबेजच्या पानांना खरा धंदा मिळाला तो अमेरिकेत. तेथील १८८० च्या जनगणनेचे आकडे जुळविण्यात सात-आठ वर्षे गेली. १८९० मध्ये हर्मन हॉलेरिथच्या विद्युत् यंत्रांनी हे काम कितीतरी लवकर उरकले. प्रत्येक माणसाचे एक कार्ड, आणि त्याचे वय, लिंग, व्यवसाय यांसाठी ठरावीक जागी पाडलेले भोक. भोकातून सुई आरपार गेली की विजेचे मंडल पूर्ण होई आणि तबकडीवरचा आकडा एकाने पुढे सरके. हॉलेरिथची कंपनी १९११ मध्ये इतर कंपन्यांत विलीन झाली आणि त्या संयुक्त कंपनीने १९२४ मध्ये ‘आयबीएम’ हे नाव धारण केले. तोफांच्या किंवा अणूंच्या गणितापूर्वी या धंद्याचा पाया शिरगणतीच्या आणि कचेरीच्या कामावर घातला गेला होता, हे विसरता कामा नये.

जाते, पाटा आणि रवी

दुसऱ्या महायुद्धात तोफगोळ्यांच्या मार्गाची कोष्टके करण्यासाठी अमेरिकेत शेकडो गणकांची गरज भासली. त्यांत स्त्रियांचा भरणा मोठा होता. हे काम वेगाने व्हावे म्हणून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ‘एनियाक’ हे यंत्र बांधण्यात आले. सुमारे १८ हजार व्हॉल्व्ह आणि ३० टन वजन असलेले हे यंत्र फेब्रुवारी १९४६ मध्ये जगासमोर आले. त्याला काम समजावून देण्यासाठी सहा स्त्रियांची निवड झाली, आणि त्या आधी स्वतःच गणक म्हणून काम करीत होत्या. ‘कॉम्प्युटर’ हे नाव माणसाकडून यंत्राकडे गेले, आणि जुने गणक यंत्राला आज्ञा देणारे बनले. या स्थित्यंतरात कारकून नाहीसा झाला नाही, तो एक पायरी वर चढला. मात्र शेकडोंपैकी सहाजणीच वर चढल्या, हेही तितकेच खरे.

एनियाकला नवे काम द्यावयाचे तर तारा आणि खटके बदलण्यात दिवसचे दिवस जात. आज्ञाही आकड्यांप्रमाणेच यंत्राच्या स्मृतीत ठेवाव्यात, ही कल्पना जॉन फॉन नॉयमन यांच्या १९४५ च्या टिपणातून सर्वत्र पोचली आणि २१ जून १९४८ रोजी मँचेस्टर येथे अशी पहिली आज्ञावली प्रत्यक्ष चालली. जाते दळते, पाटा वाटतो, ताक घुसळावयास रवी लागते. कामागणिक वेगळे साधन हा साधनांचा जुना नियम. सकाळी जाते आणि दुपारी रवी होण्याची आज्ञा ज्याला देता येते असे साधन त्या दिवशी प्रथम माणसाच्या हाती आले. त्या क्षणापासून यंत्राइतकेच, किंबहुना यंत्राहून अधिक, मोल आज्ञेला आले.

परंतु हे मोल पैशांत मोजले जावयास आणखी दोन दशके लागली. ‘सॉफ्टवेअर’ हा शब्द या अर्थाने छापील लेखात आला तोच १९५८ मध्ये, जॉन ट्युकी या संख्याशास्त्रज्ञाच्या लेखणीतून. दरम्यान माणसाला वाचता येईल अशा भाषेत आज्ञा लिहिण्याची सोय झाली. १९५७ मध्ये शास्त्रीय गणितासाठी ‘फोरट्रान’ आली. पाठोपाठ, १९६० पर्यंत, कचेरीच्या हिशेबासाठी ‘कोबोल’ आली. १९६४ मध्ये आयबीएमने एकाच प्रकारच्या आज्ञा समजणाऱ्या लहान-मोठ्या यंत्रांचे कुटुंब बाजारात आणले. पण त्यासाठी लिहावयाच्या आज्ञावलीचे वेळापत्रक पार कोलमडले. १९६८ मध्ये जर्मनीत गार्मिश येथे तज्ज्ञांची परिषद भरली, तेव्हा यंत्रे वेगाने सुधारत आहेत आणि आज्ञावल्या मात्र उशिरा, महाग व सदोष तयार होत आहेत, ही तक्रार उघडपणे मांडली गेली.

तोवर आज्ञावली यंत्राबरोबर जणू फुकट मिळे. जून १९६९ मध्ये आयबीएमने सॉफ्टवेअरची किंमत यंत्राच्या किमतीपासून वेगळी करण्याचे जाहीर केले, आणि आज्ञावली ही स्वतंत्रपणे विकण्याची वस्तू ठरली. १९७१ मध्ये इंटेलने २३०० ट्रान्झिस्टर एका चकतीवर बसविले. यंत्र स्वस्त होऊन टेबलावर आले. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मायक्रोसॉफ्टच्या बिल गेट्स यांनी फेब्रुवारी १९७६ मध्ये छंद म्हणून संगणक बाळगणाऱ्यांना एक जाहीर पत्र लिहून, आमची आज्ञावली फुकट उतरवून घेणे ही चोरी आहे, असे बजावले. १९८१ मध्ये आयबीएमचा घरगुती संगणक आला, तेव्हा त्यातील मूळ प्रणाली इतरांनाही विकण्याचा हक्क मायक्रोसॉफ्टने स्वतःकडे राखला. पुढे यंत्रे शेकडो कंपन्यांनी बनविली आणि त्यांचा नफा आटत गेला. आज्ञेचा मालक मात्र प्रत्येक यंत्रामागे पैसे घेत राहिला. हा फरक आपल्या देशाच्या संदर्भात फार महत्त्वाचा आहे.

कुलाबा ते सीप्झ

भारतात पहिला संगणक आला तो १९५५ मध्ये, कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत, प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पुढाकाराने. तो विलायतेहून आणला होता. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मात्र आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुणांनी स्वतः यंत्र उभारले. १९६० मध्ये ते पूर्णपणे कार्यान्वित झाले आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. त्याच्या मुख्य स्मृतीत ४० द्विमान अंकांचे २०४८ शब्द राहत. प्रस्तुत लेखाइतका मजकूरही तिच्यात मावला नसता. तरीही आपल्याला हे जमते, हा आत्मविश्वास त्या यंत्राने दिला.

कचेऱ्यांतील कथा वेगळी होती. आयुर्विमा महामंडळाने १९६० नंतरच्या दशकात संगणक आणण्याचे ठरविताच कर्मचारी खवळले. मुंबईत यंत्र बसले. कलकत्त्यात मात्र इलाको हाऊस या इमारतीत ते येऊ नये म्हणून कर्मचाऱ्यांनी पहारे दिले. प्रश्न इतका चिघळला की केंद्र सरकारला पुण्याच्या गोखले संस्थेचे अर्थशास्त्रज्ञ प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली स्वयंचलनाविषयी समिती नेमावी लागली. तिचा अहवाल १९७२ मध्ये आला. त्या आंदोलकांना आज प्रतिगामी म्हणणे सोपे आहे. पण ज्या देशात एका कारकुनाच्या जागेसाठी पदवीधरांच्या रांगा लागत होत्या, तेथे माणसाची जागा घेणारे यंत्र परकीय चलन खर्चून आणणे शहाणपणाचे आहे काय, हा प्रश्न मूर्खपणाचा नव्हता.

याच काळात मुंबईत दुसरी हालचाल चालू होती. १९६८ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसची स्थापना झाली आणि लवकरच फकीरचंद कोहली यांच्याकडे तिची सूत्रे आली. तिची आरंभीची कामे पाहिली तर ती निव्वळ कारकुनीची आहेत: टाटांच्याच पोलाद कारखान्यासाठी कार्डे छिद्रित करणे, सेंट्रल बँकेच्या शाखांतील परस्पर हिशेबांचा मेळ घालणे. १९७३ मध्ये अंधेरीला सीप्झ हे निर्यात क्षेत्र सुरू झाले. परकीय चलन कायद्यानुसार भागभांडवल कमी करण्यास नकार देऊन आयबीएमने १९७८ मध्ये भारत सोडला, तेव्हा तिच्या यंत्रांची देखभाल सरकारी सीएमसीने उचलली. एकाच कंपनीच्या यंत्रावर विसंबून न राहता अनेक प्रकारच्या यंत्रांवर काम करण्याची सवय आपल्या लोकांना लागली ती याच काळात. १९८१ मध्ये पुण्यात सातजणांनी अल्प भांडवलावर इन्फोसिस काढली आणि १९८३ मध्ये ती बंगळूरला हलविली. १९८८ मध्ये पुण्यात ‘सी-डॅक’ उभी राहिली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम’ हा महासंगणक तयार झाला.

करार आणि भरती

सप्टेंबर १९८३ मध्ये बँक व्यवस्थापन आणि कर्मचारी संघटना यांच्यात यंत्रीकरणाबाबत करार झाला. यंत्रे कोठे आणि किती बसवावयाची याच्या मर्यादा त्यात ठरल्या. ती चालविणाऱ्यांना विशेष भत्ता मान्य झाला. त्यानंतर तीन वर्षांच्या आत, १९८६ मध्ये, दिल्लीत रेल्वेचे आरक्षण संगणकावर गेले आणि कोणत्याही खिडकीवर कोणत्याही गाडीचे तिकीट मिळू लागले. ज्या जनतेने संगणकाला बेकारीचा राक्षस मानले होते, तिने रांग लहान झालेली पाहून त्याचे स्वागत केले.

मग भीती खोटी ठरली काय? पूर्णपणे नाही. करारामुळे खुर्चीवर बसलेल्या माणसाची खुर्ची गेली नाही. पण तो निवृत्त झाल्यावर ती खुर्ची पुष्कळदा रिकामीच राहिली. २०००-०१ मध्ये सरकारी बँकांतील सुमारे १ लाख कर्मचाऱ्यांनी स्वेच्छानिवृत्ती पत्करली. तालुक्याच्या गावोगावी जिन्यावर पाटी लावलेल्या टंकलेखनाच्या संस्था ओस पडल्या. दुसरीकडे सॉफ्टवेअरच्या धंद्यात आज ५० लाखांहून अधिक माणसे आहेत. गेलेल्यापेक्षा आलेले अधिक असेल. परंतु ज्याचे गेले त्यालाच आले, असे मात्र घडले नाही. कारकुनाचे गेले, अभियंत्याला आले. जिल्ह्याच्या गावाचे गेले, हिंजवडीला आले.

दोन अंकांचा धडा

आपल्या सॉफ्टवेअर व्यवसायाला जगात खरी ओळख मिळाली ती १९९९ च्या सुमारास, दोन अंकांच्या कृपेने. जुन्या कार्डावर ८० रकाने असत आणि स्मृती अतिशय महाग होती, म्हणून वर्षाचे शेवटचे दोनच अंक लिहिण्याची रीत पडली होती. शतक उलटताच ००चा अर्थ १९०० असा होऊन व्याज, वेतन, विमा यांचे हिशेब बिघडणार, हे ध्यानी आले. कोट्यवधी ओळींच्या जुन्या कोबोल आज्ञावल्या एकेक ओळ वाचून दुरुस्त करावयाच्या होत्या. ते काम भारतीय तरुणांनी चोखपणे केले आणि त्यातून पाश्चात्य कंपन्यांचा विश्वास मिळविला.

ही कामगिरी लहान नव्हे. पण तिचे स्वरूप ओळखले पाहिजे. मायक्रोसॉफ्टने आज्ञावली विकली. आपण बहुतांशी आज्ञावली लिहिणाऱ्यांचे तास विकले. सूत्रे ठरविणारा वरचा थर परदेशात, मांडणी करणारा मधला थर काही तेथे व काही येथे, आणि सांगितलेली पायरी बिनचूक करणारा मोठा थर येथे. द प्रोनीची रचनाच पुन्हा उभी राहिली. वातानुकूलित इमारत, गळ्यातील ओळखपत्र आणि चांगला पगार यांमुळे या थराला कारकुनी म्हणावयास आपण तयार नव्हतो, इतकेच.

आज यंत्र त्या थरापर्यंत पोचले आहे. दोनशे वर्षांत क्रम कधी बदललेला नाही: प्रथम कामाचे बारीक तुकडे होतात, मग त्यांतून समज काढून घेतली जाते, आणि मग तो तुकडा यंत्र उचलते. यंत्र कोणाची नोकरी घेणार, याचे भविष्य वर्तविण्याची गरज नाही; ज्याच्या कामाचे तुकडे आधीच झालेले आहेत, त्याच्याकडे पाहावे.

यातून निघणारे दोन निष्कर्ष शिक्षक आणि विद्यार्थी यांनी तरी मनाशी ठेवावेत. पहिला असा की यंत्राचा लाभ कोणाला मिळावा हे यंत्र ठरवीत नाही. १९८३ चा करार अपुरा होता, पण तो होता. कारकुनांना संघटना होती, म्हणून अटी मागता आल्या. सॉफ्टवेअरमधील तरुणांना आपण कामगार आहोत हेच आजवर मान्य नव्हते, आणि आता वाटाघाटीच्या मेजावर त्यांच्या बाजूची खुर्ची रिकामी आहे. शिक्षण, पुनर्प्रशिक्षण, काढून टाकण्यापूर्वीची मुदत यांविषयी बोलणारे कोणी असणे ही चैन नसून गरज आहे.

दुसरा निष्कर्ष शाळा-महाविद्यालयांविषयी आहे. संगणक शिक्षणाच्या नावाखाली आपण आजवर बहुतेक वेळा कळा दाबावयास शिकविले: या कळीने अक्षर ठळक होते, या आज्ञेने बेरीज होते. हे द प्रोनीच्या तिसऱ्या थराचे शिक्षण होय. प्रश्न कसा मांडावा, आलेले उत्तर खरे की खोटे हे कसे तपासावे आणि एखादी पायरी का आहे हे कसे विचारावे, हे वरच्या थराचे शिक्षण. त्यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत, खडू-फळ्यावरही ते देता येते. गणिताच्या तासाला ‘उत्तर बरोबर आहे, पण असे का केलेस?’ असे विचारणारा शिक्षक आज कोणत्याही संगणकवर्गाहून अधिक उपयोगाचा आहे.

खातेवहीवर वाकलेल्या त्या कारकुनाकडे एक गुण होता. वर्षानुवर्षांच्या सवयीने त्याला खातेदाराची सही ओळखता येई, आणि एखादा आकडा विसंगत दिसला की त्याचे बोट तेथे थबके. नियमांच्या पुस्तकात हे थबकणे कोठेही लिहिलेले नव्हते. यंत्र आले तेव्हा आपण त्याची बेरीज वाचविली आणि त्याचे थबकणे गमावले. या वेळी तरी काय वाचवावयाचे आणि काय यंत्राला द्यावयाचे, याचा हिशेब आधी मांडला पाहिजे. तो मांडण्याचे काम यंत्रावर सोपवून चालणार नाही.